केजच्या दाजींचा समुद्र

दाजी,

परवा तुमचं तेराव्याचं गोडजेवण झालं. पुरणपोळीचं नाव काढलं की ज्याच्या कपाळाला आठी पडायची, त्याच्या नावानं सगळ्या गल्लीनं पोटभर पुरणपोळी खाल्ली. अक्कानं तुमच्या फोटोपुढं ताट ठेवलं. फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे. टोपी तिरकी झालीय आणि तुम्ही कॅमेऱ्याकडं न बघता भलतीकडंच बघताय. पाहुणे सुपारी तोंडात टाकून गेले, मांडववाला सतरंज्या घेऊन गेला, आणि अक्का म्हणाली, "बाळू, एकदा बोल त्यांच्याशी. तवापासून नुसता गप बसायलास." बोलायला तुम्ही नाहीत, म्हणून लिहितोय. मास्तर माणूस, दुसरं करणार काय.

माझं तुमच्याशी भांडण आहे आणि ते अर्धं राहिलंय. शेवटच्या दिवसांत तुम्ही मला उशाशी बसू दिलं नाही. मला कोकणात समुद्रावर धाडून दिलं. मासा खरंच हवा होता म्हणून, की मी नजरेपुढं नको होतो म्हणून? अक्काला विचारलं तर ती म्हणते, "तू लई रडायचास त्यांच्याफुडं. त्यांना बघवत नव्हतं." तसं असेल तर फसवलंत मला. आणि खरंच मासा हवा असेल, तर मग मला उशीर झाला. दोन्हींतलं कुठलंही धरलं तरी मला झोप लागत नाही.

कडा या आमच्या गावाहून अक्का लग्न होऊन केजला तुमच्या घरी आली तेव्हा मी अजून शाळेत होतो. पुढं मला मास्तरकीही केजलाच लागली आणि मी तुमच्या दोन गल्ल्या पलीकडं खोली घेतली. संध्याकाळी शाळा सुटली की तुमच्या दुकानात. मोटार वाइंडिंगचं दुकान म्हणजे आपल्या भागातला हमखास धंदा. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरते आणि जळते, मग तिच्यात नवी तार वेढे देऊन बसवायची. जिल्ह्याचं पाणी आटलं की तुमच्या दारात गर्दी. "लोकांची विहीर कोरडी पडती तवा माझा तवा तापतो," असं तुम्हीच म्हणायचात. पाणी नसण्यावर पोट असलेल्या माणसाला पाण्याचा इतका सोस का होता, हे मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला पाहिजे होतं.

सुरुवात धनेगावच्या धरणावर झाली. रविवारी दुकान बंद, तुमच्या फटफटीवर मी मागं, हातात कळकाची काठी, डब्यात कणकेचे गोळे. तुम्ही पाण्याच्या कडेला एक काडी रोवायचात. पुढच्या रविवारी पाणी काडीपासून किती मागं सरकलं ते बघायचं आणि उन्हाळा कसा जाणार ते सांगायचं. मासा लागला तर लागला. लागला तरी घरात नेता येत नव्हता, कारण अक्का माळकरी. दुकानाच्या मागं स्टोव्ह, खिळ्याला टांगलेला वेगळा तवा, आणि तुमच्या हातचं तिखट. खाऊन झालं की तुम्ही तिथंच दगडावर आंघोळ करायचात. तरी अक्का उंबऱ्यात अडवायची. "हात दावा." तुम्ही शाळेतल्या पोरासारखे दोन्ही तळवे पुढं करायचात, ती वास घ्यायची, आणि मगच आत सोडायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं कधी मासा शिजताना पाहिलासुद्धा नव्हता.

मग कधीतरी मोबाईलवर तुम्हाला ती माणसं दिसली, गुडघाभर लाटांत उभी राहून लांबलचक रॉडनं समुद्रात गळ टाकणारी. त्या दिवशी एक मोटार उघडी ठेवून तुम्ही तेच बघत बसलात. "मास्तर, ना नाव, ना जाळं. नुसता मानूस अन् समिंदर. हे आपल्याला जमंल बे." रॉड कुरिअरनं आला तेव्हा समोरच्या पानवाल्यानं विचारलं, "दाजी, ही डिशची काठी का?" तुम्ही रीळ हातात घेतलं, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, त्यावर वेढ्याला वेढा लावून बसवला, आणि एवढे खूश झालात की मला चहा पाजलात. "अरे, ही तर वाइंडिंगच हाय."

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं, असं ठरून गेलं. त्या वेळी विहिरी भरलेल्या असतात, मोटारी जळत नाहीत, दुकानाला सवड असते. माझ्या जुन्या कारनं कळंब, बार्शी, पंढरपूर, कऱ्हाड, मग घाट उतरून गुहागरच्या अलीकडचा तो शांत किनारा आणि काकूंची घरगुती खानावळ. पहिल्या खेपेला आपण काय दिवे लावले ते मी शाळेत कित्येकदा सांगितलंय. पोरं पोट धरून हसतात.

आपण पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती. आपल्याला काय ठाऊक! पाणी मागं मागं चाललेलं बघून तुम्ही घाबरलात. "अरे, खाली कुनी दरवाजे उघडले का काय?" धरणाच्या माणसाला पाणी उतरताना दिसलं की गेट आठवणारच. मग सवयीनं तुम्ही पाण्याच्या कडेला काडी रोवलीत, काडीशेजारी पिशवी ठेवलीत, चपला काढल्यात, अक्कानं बांधून दिलेल्या भाकरीचा डबा ठेवलात, आणि पाण्यामागं चालत सुटलात. आपल्याकडं उतरलेलं पाणी परत यायला पुढचा पावसाळा लागतो. ते त्याच दिवशी, आपल्या डोळ्यांदेखत परत येईल, हे आपल्या दोघांच्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं. आपण वाळूच्या उंचवट्यावर उभे. पुढं समुद्र, आणि मागच्या सखल जागेत गुपचूप भरत आलेलं पाणी. किनाऱ्यावरून फिरायला निघालेले एक आजोबा ओरडत होते, "अहो पाहुणे, भरती लागली! मागे फिरा!" तुम्ही त्यांना हात करून रामराम घातलात.

मांडीभर पाण्यातून आपण परत आलो तेव्हा काडी नव्हती, पिशवी नव्हती, चपला नव्हत्या. भाकरीचा डबा तेवढा लाटेवर हेलकावे खात होता आणि त्याच्यामागं तुम्ही, धोतर खोचून, "तुझ्या अक्काचा डबा हाय, अक्काचा डबा हाय," म्हणत. डबा सापडला. भाकरी भिजली होती. वाळूवर बसून तीच खाल्लीत आणि म्हणालात, "मीठ जरा जास्त झालंय, पन चालतंय." दाजी, मी आयुष्यात तितका कधी हसलो नव्हतो. आता आठवून हसायला गेलो की हसू मध्येच अडकतं, आणि पोरांना वाटतं सर खोकतायत.

पुढच्या खेपांना तुम्ही शिकत गेलात. कणकेचा गोळा लाटेत क्षणभर टिकत नाही, तिथं कोळंबी लागते. गोल शिसं वाळूवर गडगडत किनाऱ्याला येतं, म्हणून तुम्ही दुकानातल्या तारेचे पाय लावलेलं शिसं ओतलंत, वाळूत रुतून बसणारं. रॉड धरून हात भरून येतात, म्हणून बोअरच्या पाइपचा तुकडा तिरका कापून वाळूत ठोकायचा आणि त्यात रॉड उभा करायचा. घरी आलं की रीळ गोड्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर खार चढतो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात तुम्ही पिण्याच्या पाण्यानं रीळ धुवायचात आणि अक्का कमरेवर हात ठेवून उभी. "मला कधी असं धुतलं न्हाईत," म्हणायची. तुम्ही लाजायचात.

पण रॉड मात्र मला कधी दिला नाहीत. मी कोळंबी सोलायची, मी गळात अडकवायची, मी वाळूत उभा राहून तुमच्याकडं बघायचं. एकदाच हट्ट करून घेतला, तर लाटेच्या प्रत्येक ओढीला मी रीळ फिरवायला लागलो. "तुला धीर न्हाई, मास्तर. आन इकडं." मी म्हणालो, धीर नसता तर आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवला नसता. तुम्ही म्हणालात, "ते धीर न्हाई, ते नोकरी हाय." दरवर्षी हेच भांडण. जाताना घाटात सुरू व्हायचं आणि येताना बार्शीच्या चहाला थांबलो तरी संपलेलं नसायचं. मला राग यायचा, खरंच यायचा. आता त्या भांडणासाठी मी वाटेल ते देईन.

मग तुमचं पोट दुखायला लागलं, वजन उतरलं, अंबाजोगाई झालं, लातूर झालं, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी का, हे सगळ्यांना कळलं होतं. पेजेचे दोन घोट गेले की तुम्ही तोंड फिरवायचात. मी उशाशी बसून पाय चेपायचो आणि मान खाली घालून डोळे पुसायचो. तुम्हाला दिसत नाही असं मला वाटायचं.

त्या दुपारी तुम्ही म्हणालात, "मास्तर, तोंडाला चव न्हाई. मासा खावा वाटतोय."

मी उठलोच. "आत्ता धनेगावहून ताजा आणतो."

"गोड्या पान्यातला नको. समिंदरातला."

"लातूरला मिळतो बर्फातला."

"इकतचा नको बे. वाळूत उभा ऱ्हाऊन धरलेला. तू धर."

मला हसू आलं. तुम्ही म्हणालात, "कावून हसायलास?"

"जन्मात कधी रॉडला हात लावू दिला नाहीत, म्हणून."

"आता देतो की. कपाटामागं हाय. घिऊन जा."

अक्का दारात उभी होती. मला वाटलं, ती रागावणार. ती म्हणाली, "जा, बाळू. आनलास तर मी करीन. माझ्या चुलीवर करीन."

तुम्ही मान वळवून तिच्याकडं बघितलंत. आजारपणात इतकं टक लावून तुम्ही कशाकडंच बघितलं नव्हतं. "अन् माळ?"

"काढून ठिवते. माळ माझी हाय, तुमाला काय करायचंय?"

तुम्ही डोळे मिटलेत आणि ओठ जरासे हलले. हसलात, की दुखलं म्हणून तसं झालं, सांगता येणार नाही. मी हसलात असंच धरून चाललोय.

त्याच रात्री एकटा निघालो. शेजारची सीट मोकळी, मागच्या सीटवर तिरका टाकलेला तुमचा रॉड आणि थर्माकोलची पेटी. वाटेत सारखं वाटत होतं की मी मूर्खपणा करतोय, गाडी वळवावी, तुमच्याजवळ बसावं. आणि वळवली तर तुम्ही विचाराल, मासा कुठं हाय? खानावळीच्या काकूंनी दार उघडलं आणि माझ्या मागं बघितलं, तुम्ही गाडीतून उतरताय का ते. मी सांगितलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "भरती संध्याकाळी आहे. जेवून जा."

संध्याकाळी वाळूत पाइप ठोकला, कोळंबी अडकवली, रॉड फेकला. शिसं पायापासून चार हातांवर पडलं. परत फेकला, तंगूस स्वतःच्याच रॉडला गुंडाळला. तुम्ही असता तर शिव्या घातल्या असत्या. शेवटी राहवेना, घरी फोन लावला. अक्कानं फोन तुमच्या कानाला धरला.

"काय दिसतंय?" तुमचा आवाज इतका बारीक की मला दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं.

"लाटा दिसायल्यात, दुसरं काय?"

"सगळीकडं फुटायल्यात का? एखाद्या जागी फुटत नसंल. काळं पानी दिसंल."

खरंच होती तशी एक जागा, डाव्या हाताला, मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी अलीकडं. "आहे, दाजी."

"तिथं खोल हाय. तिथं टाक. लांब फेकायची हौस करू नको."

फोन खांद्याला दाबून मी टाकला. या वेळी पडला. तंगूस ताठ केला आणि उभा राहिलो. जरा वेळानं ओढ लागली. "लागली! दाजी, लागली!"

"सारखी ओढती का टकटक करती?"

"सारखी."

"मग लाट हाय. गप उभा ऱ्हा. मासा टकटक करतो."

आपण दोघं वाट बघत राहिलो, मी वाळूत आणि तुम्ही खाटेवर. तुमचा श्वास ऐकू येत होता. मग तुम्ही म्हणालात, "फोन जरा पान्याकडं धर."

मी धरला. हात भरून आला तरी धरून राहिलो. परत कानाला लावला तर अक्का बोलत होती. "झोपले, बाळू. लई दिसांनी असे झोपले."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्या बोलण्यात तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तुला धीर नाही. मी वाट बघत होतो, दाजी. म्हणाला असतात तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी काही लागलं नाही. पहाटेची भरती धरून पुन्हा गेलो. उजाडलं, लाटा आल्या आणि गेल्या, तंगूस ओढला गेला आणि सैल पडला, आणि मी रिळाला हात लावला नाही. काळं पाणी बघत राहिलो. मग बोटाला टकटक झालं. दारावर कुणी भीत भीत थाप मारावी, तसं. मी रॉड उचलला, हळूहळू वेढे घेतले, आणि फेसातून एक बारीक चंदेरी मासा वाळूवर आला. वीतभर. मी एवढ्या मोठ्यानं "दाजी!" म्हणून ओरडलो की लांबवर फिरणारे दोघं थांबून बघायला लागले.

काकूंनी बघितला आणि म्हणाल्या, "मुडदुशी. आजाऱ्याला हीच चांगली, काटा कमी, पचायला हलकी." त्यांनी बर्फ फोडून पेटी भरून दिली. मी घरी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. अक्का कामात असेल म्हणून निघालो. घाट चढलो, कऱ्हाड गेलं. पुन्हा लावला. या वेळी पानवाल्यानं उचलला. तुमच्या घरातला फोन पानवाल्यानं. तो म्हणाला, "मास्तर, गाडी सावकाश चालवा. आमी थांबलोत."

पंढरपूर कधी आलं, बार्शी कधी मागं पडली, मला आठवत नाही. मागच्या सीटवर बर्फ वितळून पाणी डुचमळत होतं, तेवढं ऐकू येत होतं. तुम्ही मासा लागायच्या आधी गेलात की नंतर, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. अक्काला वेळ ठाऊक आहे. मी विचारणार नाही.

उन्हं कलताना पोचलो. दारात माणसं, बांबू, मडकं. मी पेटी तशीच छातीशी धरून आत गेलो. ती खाली ठेवायचं मला सुचलंच नाही. कुणीतरी कानाशी म्हणालं, "मास्तर, ते बाहेर ठेवा, बरं दिसत न्हाई." अक्का तुमच्या डोक्याशी बसली होती. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि माळ नव्हती. सकाळीच उतरवून ठेवली असणार. तिनं माझ्याकडं नाही, पेटीकडं बघितलं.

"घावला का?"

मी मान डोलावली.

"आन इकडं."

बायकांनी सरकून वाट दिली. मी तिच्यापुढं पेटी ठेवली, तिनं स्वतः झाकण काढलं. बर्फाच्या पाण्यात ती मुडदुशी अजून चकाकत होती. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बोट पुढं केलं आणि माशाच्या पाठीवरून एकदा फिरवलं.

"केवढीशी हाय," ती म्हणाली. "नाव काय हिचं?"

मी सांगितलं.

ती तुमच्या कानाशी वाकली. तुम्हाला कमी ऐकू येत असल्यासारखं तिनं जरा मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांदेखत. "अहो, मुडदुशी घावली बरं का. बाळूनं सवता धरली." आणि ती तशीच वाकून राहिली, तुम्ही काय म्हणताय ते ऐकायला. मीही तिच्या शेजारी वाकलो आणि थांबलो.